बारावीच्या मुलीचे पोर्ट्रेट: दादरमधील एका स्टुडिओचा अनुभव

दादर पश्चिमेतील या स्टुडिओत नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही आमच्या मुलीचे पोर्ट्रेट काढून घेतले. पूर्वतयारीची एक बैठक, स्टुडिओतील दीड तास, शिवाजी पार्कवरील पाऊण तास, सफाई केलेली वीस छायाचित्रे आणि छापील दोन मोठ्या प्रती असे एकूण काम होते आणि त्याचे ९,५०० रुपये झाले. पूर्वतयारीसाठी मी या स्टुडिओला पैकीच्या पैकी गुण देईन, प्रत्यक्ष छायाचित्रणासाठी त्याहून थोडे कमी आणि नंतरच्या संगणकावरील सफाईसाठी जेमतेम काठावर पास होण्याइतके. ज्यांच्या घरी यंदा दहावी-बारावीची मुले आहेत आणि निरोप समारंभाच्या आधी असे काही करून घ्यावे असा विचार चालू आहे, त्यांना या तफावतीचे कारण कळावे म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

स्टुडिओच्या दरपत्रकात या प्रकाराला ‘सीनियर पोर्ट्रेट’ म्हटले आहे. आपल्याकडे सीनियर कॉलेज म्हणजे पदवीचे, आणि बारावीतली मुलगी ज्युनियर कॉलेजात शिकत असते. त्यामुळे ज्युनियरमधल्या मुलीचे सीनियर पोर्ट्रेट ही काय भानगड आहे, असे घरात सर्वांनीच विचारून झाले. शब्द अर्थातच अमेरिकेचा आहे. तिथे शाळेच्या शेवटच्या, म्हणजे बारावीच्या वर्गाला सीनियर म्हणतात आणि त्या मुलांची छायाचित्रे शाळेच्या वार्षिक पुस्तकात छापली जातात. माझी बहीण न्यू जर्सीत असते. तिच्या मुलीचे छायाचित्र शेवटचे वर्ष सुरू होण्याआधीच्या उन्हाळी सुट्टीतच काढून झाले होते. पुस्तकातील सगळी छायाचित्रे एका साच्यातली दिसावीत म्हणून मुलींच्या खांद्यांवरून छायाचित्रकारच एक काळे वस्त्र गुंडाळतो, मुलगे काळा कोट आणि बो टाय घालतात, आणि ते झाल्यावर मग आपापल्या आवडीच्या कपड्यांत, कुणी व्हायोलिन घेऊन तर कुणी फुटबॉलची जर्सी घालून, उरलेली छायाचित्रे होतात. मावसबहिणीचे ते काळ्या वस्त्रातले छायाचित्र आमच्या लेकीने फोनवर पाहिले आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात काळा रंग बसला. आमच्या वेळी बारावीची आठवण म्हणजे परीक्षेच्या अर्जावर चिकटवलेला, डोळे वटारलेला पासपोर्ट आकाराचा फोटो आणि वर्गाचा एक समूहफोटो. त्यातही मी तिसऱ्या रांगेत कुणाच्या तरी वेणीमागे अर्धी झाकलेली आहे. त्यामुळे तिच्या हट्टाला मी फारसा विरोध केला नाही.

वेळ ठरवणे हे पहिले काम होते आणि ते वाटले तितके सोपे निघाले नाही. जानेवारीत प्रिलिम, मग प्रात्यक्षिके, आणि फेब्रुवारीत बोर्डाचा पहिला पेपर. पावसाळ्यात बाहेरच्या छायाचित्रणाचा प्रश्नच नव्हता आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात चेहऱ्यावर काही टिकत नाही. राहता राहिला दिवाळीनंतरचा महिना. स्टुडिओवाल्यांनीही तोच सुचवला, मात्र त्यांनी सोबत एक इशारा दिला जो मी हलक्यात घेतला: “ब्लाऊज नवा शिवायचा असेल तर दसऱ्याच्या आधी टाका, दिवाळीत शिंपी दारात उभं करत नाही.” अगदी तसेच झाले. आमच्या शिंप्याने ब्लाऊज सत्राच्या दोन दिवस आधी हातात ठेवला आणि तो मुंड्यात घट्ट निघाला. सुदैवाने त्याने शिवणीत माया ठेवली होती, म्हणून टाके उसवून वेळ निभावली.

या स्टुडिओचे खरे वैशिष्ट्य म्हणजे ही पूर्वतयारीची बैठक. साधारण पंधरा दिवस आधी ती होते आणि तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. स्टुडिओ वडील आणि मुलगी मिळून चालवतात. कॅमेरा आणि दिवे वडील, म्हणजे आम्ही ज्यांना काका म्हणतो ते, सांभाळतात आणि ही बैठक त्यांची मुलगी घेते. तिने आम्हाला फोनवरच सांगितले होते की मनात असलेले सगळे कपडे, दागिने आणि चष्मा सोबत आणा, निवड घरी करू नका. आम्ही पाच जोड नेले. तिने एकेक कपडा करड्या पडद्यासमोर लेकीच्या अंगावर नुसता धरला, स्टुडिओच्या दिव्यात एकेक फोटो काढला आणि मोठ्या पडद्यावर दाखवला. लेकीचा सर्वांत लाडका बारीक चौकड्यांचा कुर्ता तिथेच बाद झाला, कारण पडद्यावर त्या चौकड्यांतून इंद्रधनुष्यासारख्या लाटा उठलेल्या दिसत होत्या. कापडाच्या बारीक रेघा आणि कॅमेऱ्यातील सेन्सरची जाळी एकमेकींवर आल्या की असे होते आणि नंतर ते पुसणे फार जिकिरीचे असते, असे तिने समजावले. पांढरा शर्ट बाद झाला नाही, पण तो घातल्यास मागचा पडदा गडद घ्यावा लागेल असे ठरले. छातीवर मोठी अक्षरे असलेला टी-शर्ट पाहून ती काहीच बोलली नाही, फक्त त्याचा फोटो दाखवला. पडद्यावर आधी अक्षरे वाचली जात होती आणि चेहरा नंतर दिसत होता. लेकीने स्वतःच तो पिशवीत परत ठेवला.

काळ्याचा प्रश्न घरी सुटला. अमेरिकेसारखे काळे वस्त्र स्टुडिओकडे नव्हते आणि मला ते नकोही होते. सासूबाईंनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, संक्रांत अजून दोन महिने लांब आहे, आत्ता काळे कशाला, असे म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटाच्या तळातून स्वतःची चंद्रकळा काढून पलंगावर ठेवली. ही साडी त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीची, १९७१ सालची; काळे रेशीम, बारीक लाल काठ आणि जरीचा नाजूक पदर. डांबराच्या गोळ्यांचा वास जावा म्हणून ती दोन दिवस सावलीत वाऱ्यावर टाकली. बैठकीत स्टुडिओतल्या मुलीने ती उलगडली तेव्हा दोन ठिकाणी रेशीम घडीवर विरलेले दिसले. जुने रेशीम वर्षानुवर्षे एकाच घडीवर राहिले की तिथेच तुटते, म्हणून तिने निऱ्यांची बाजू बदलून विरलेला भाग आत कसा जाईल ते नेसवून दाखवले आणि पिनेखाली सुती कापडाचा तुकडा घालायला सांगितले, म्हणजे पिनेचा ताण रेशमावर पडत नाही. साडीचे दुकानदारही इतके बारकाईने सांगत नाहीत.

चष्म्यावर तर अर्धा तास गेला, पण तो सत्कारणी लागला. लेकीचा नंबर उणे चार आहे आणि तिच्या काचा उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या आहेत. या काचा सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी काळवंडतात, म्हणजे शिवाजी पार्कवर पाच मिनिटांत डोळे दिसेनासे होणार हे उघड होते, पण ते आमच्या लक्षात आले नव्हते. इंटरनेटवर अशा वेळी बिनकाचेची फ्रेम घाला असा सल्ला हमखास मिळतो. काकांना तो मान्य नाही. उणे नंबरच्या काचेतून डोळे जरा लहान दिसतात आणि गालाची कड काचेच्या आत किंचित सरकलेली दिसते. घरच्यांना ओळखीचा असतो तो तसाच चेहरा, आणि काच काढली की फोटोत पाहुणी बसल्यासारखी वाटते, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी मुख्य दिवा नेहमीपेक्षा वर चढवला, चष्म्याच्या काड्या कानांवरून केसभर उचलायला लावल्या, म्हणजे काचा खाली झुकतात, आणि लेकीला हनुवटी हळूहळू खाली आणायला सांगितले. काचेवरचा पांढरा चौकोन पडद्यावर आमच्या डोळ्यांदेखत वर सरकत गेला आणि फ्रेमच्या बाहेर पडला. बाहेरच्या छायाचित्रांसाठी तिचा जुना, साध्या काचांचा चष्मा नेण्याचे ठरले. नंबर अर्ध्याने कमी होता, पण पाऊण तासाला चालण्यासारखा होता.

बाकीच्या सूचना एका कागदावर मराठीत छापून दिल्या गेल्या. केस कापायचे असतील तर दोन आठवडे आधी, थ्रेडिंग तीन दिवस आधी, त्या आठवड्यात फेशियल किंवा ब्लीच नाही आणि नवे क्रीम मुळीच नाही, कारण त्वचा कशावर उठेल हे सांगता येत नाही. आदल्या रात्री केसांना तेल नाही. झिंक ऑक्साइड असलेले सनस्क्रीन त्या दिवशी लावू नये, ते फ्लॅशमध्ये चेहऱ्यावर पांढुरकी साय आल्यासारखे दिसते. मनगटावरचा केसांचा रबर आणि घट्ट घड्याळ सकाळीच काढून ठेवावे म्हणजे वळ उतरतात. शेवटची सूचना खास मुंबईची होती: लोकलने येणार असाल तर वीस मिनिटे आधी या, पंख्याखाली बसा, पाणी प्या, आणि मगच चेहऱ्याला हात लावा. आम्ही गोरेगावहून गर्दीची वेळ टाळून आलो, तरी दादरला जिना चढून-उतरून लेकीच्या नाकावर घाम होताच. साडी मात्र कव्हरमध्ये, हँगरसकट, सासूबाईंबरोबर टॅक्सीने आली.

प्रत्यक्ष सत्राबद्दल तक्रार एकच आहे, ती म्हणजे आम्हाला चाळीस मिनिटे ताटकळावे लागले, कारण आमच्या आधी एका बाळाचे छायाचित्रण चालू होते आणि बाळ झोपायला तयार नव्हते. बाळाला दोष देता येत नाही, पण दोन सत्रांमध्ये जरा मोकळा वेळ ठेवायला हवा होता. तोवर गजऱ्याची टोके सुकायला लागली होती.

एकदा सुरुवात झाल्यावर काकांचे काम पाहण्यासारखे होते. पहिली दहा-बारा छायाचित्रे त्यांनी कामाची नाहीत असे सांगूनच काढली. लेक अर्जाच्या फोटोसारखी ताठ बसली होती. “फलाट आला का ते दारातून बघतेस ना, तशी मान पुढे काढ. आता हनुवटी थोडी खाली,” असे ते म्हणाले आणि ती हसली. रोज लोकलने कॉलेजला जाणाऱ्या मुलीला याहून सोपी सूचना देता आली नसती. मान पुढे आली की जबड्याची कड स्पष्ट होते आणि गळ्याखालची घडी जाते. समोरून पाहताना मान पुढे काढलेली कळतही नाही. लेन्स ८५ मिलिमीटरची होती आणि ते चांगले आठ-नऊ फुटांवर उभे होते. फोनने जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठे का दिसते याचे उत्तरही त्यातच आहे: कॅमेरा चेहऱ्याच्या जितका जवळ, तितके जवळचे नाक लांबच्या कानांच्या तुलनेत मोठे.

चंद्रकळेसाठी पडदाही गडदच घेतला होता. काळी साडी, काळे केस आणि काळोखा पडदा म्हटल्यावर चेहरा हवेत तरंगताना दिसेल अशी मला धास्ती होती. त्यांनी मागून, डाव्या खांद्याच्या वर, एक लहानसा दिवा लावला आणि केसांची कड व पदराची जर उजळून वेगळी काढली. समोरचा दिवा मोठ्या सॉफ्टबॉक्समधला, म्हणजे उजेड मऊ करणाऱ्या कापडी पेटीतला होता, त्यामुळे जर चमकली पण कुठेही पांढरी फटक झाली नाही. शेवटची चार छायाचित्रे त्यांनी सॉफ्टबॉक्स बाजूला करून, उघड्या, कडक दिव्यात, जुन्या कृष्णधवल पद्धतीने काढली. दादरला ती रीत परकी नाही. १९४८ साली जे. एच. ठक्कर यांनी इंडिया फोटो स्टुडिओ काढला तो इथेच, आणि हिंदी चित्रपटांतील कितीतरी नट-नट्यांची सावल्यांनी घडवलेली छायाचित्रे तिथे तयार झाली. काका ती पाहत मोठे झालेले आहेत हे त्यांच्या दिवा लावण्यातून कळते. मला ही चारच सर्वांत आवडली. लेकीला आवडली नाहीत, त्यांत ती तिच्या आत्यासारखी दिसते असे तिचे म्हणणे आहे.

शिवाजी पार्कवरचा भाग बेताचाच झाला. त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि स्टुडिओत उशीर झाल्यामुळे आम्ही कट्ट्यावर पोहोचलो तेव्हा चांगल्या उजेडाची जेमतेम पंचवीस मिनिटे उरली होती. रिफ्लेक्टर धरणाऱ्या मुलाला दोनदा क्रिकेटचा चेंडू चुकवावा लागला आणि फिरायला आलेल्या एका आजोबांनी कुठल्या मालिकेचे शूटिंग आहे अशी चौकशी केली. कट्ट्यावर पाय दुमडून, जुना चष्मा नाकावर घेऊन बसलेले एक छायाचित्र मात्र फार छान आले आहे. ज्यांना बाहेरचीच छायाचित्रे अधिक हवी आहेत त्यांनी दोन दिवस वेगळे मागून घ्यावेत.

आता सफाईविषयी. पाच दिवसांत येणारी लिंक आठव्या दिवशी आली. उघडून पाहिली तर लेकीच्या खालच्या ओठाखालचा तीळ गायब होता आणि तिचा सावळा रंग चांगला दोन छटा उजळवलेला होता. सातव्या क्रमांकाच्या छायाचित्रात तिने हनुवटीखाली हात ठेवला आहे. चेहरा उजळवला होता आणि हाताकडे कुणाचे लक्ष गेले नव्हते, त्यामुळे बोटे एका मुलीची आणि हनुवटी दुसऱ्या मुलीची दिसत होती. मुरुमाचा एखादा पुटकुळा पुसणे मी समजू शकते, तो महिन्याभरात जाणारच असतो. तीळ आणि रंग ही तिची कायमची ओळख आहे. फोन केला तेव्हा सफाई करणाऱ्या मुलाने निरागसपणे सांगितले, “मॅडम, सगळ्यांना तसंच आवडतं, म्हणून आम्ही विचारत नाही.” सफाईचे काम स्टुडिओबाहेर दिले जाते आणि तिथे सर्वच चेहऱ्यांवर एकच ठरलेली मात्रा चालवली जाते, हे नंतर समजले. ज्या स्टुडिओत चष्म्याच्या काडीसाठी अर्धा तास दिला जातो, तिथे चेहऱ्याच्या रंगाविषयी एक प्रश्न विचारला जात नाही, याचे मला फार वाईट वाटले. लेक काही बोलली नाही. तिने फक्त दोन्ही फोटो, उजळलेला आणि कॅमेऱ्यातला मूळ, शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले.

सासूबाईंनी या वादात भलताच पुरावा आणून ठेवला. पहिल्या संक्रांतीला, हलव्याचे दागिने घालून, याच चंद्रकळेत त्यांनी गिरगावातल्या एका स्टुडिओत फोटो काढला होता. तो त्यांनी आणला आणि म्हणाल्या, “यात तरी मी कुठे सावळी आहे?” खरेच नव्हत्या. त्या काळी सफाई करणारा कारागीर निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने बारीक रेघा मारीत असे. निगेटिव्हवर जिथे शिशाचा थर चढतो तिथे छापील प्रतीत उजेड येतो, आणि अशा रीतीने डोळ्यांखालची वर्तुळे आणि सावळेपणा दोन्ही एकाच हाताने घालवले जात. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी पेन्सिलीने झाले ते आता एका बटणाने होते, इतकाच फरक. सासूबाईंना तो फोटो आवडतो की नाही, हे मी त्यांना अजून विचारलेले नाही.

काकांपर्यंत तक्रार गेल्यावर त्यांनी हुज्जत घातली नाही. सगळी वीस छायाचित्रे मूळ रंगात, तीळ जागेवर ठेवून परत करून दिली, पण त्याला आणखी नऊ दिवस लागले. तोपर्यंत १२ बाय १८ इंचांची एक प्रत उजळलेल्या रंगात छापूनही झाली होती आणि ती बदलून देण्याचे त्यांनी निम्मे पैसे घेतले, ते मला पटले नाही. छपाईबद्दल आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. काळी साडी असेल तर मॅट कागदच मागावा, चकचकीत कागदावर काळ्या भागात समोरची ट्यूबलाइट दिसते. दुसरी गोष्ट, लिंकवर मिळालेल्या फायली लांब बाजूला २,०४८ पिक्सेलच्याच होत्या. तीनशे डीपीआयने, म्हणजे दर इंचाला तीनशे ठिपके धरून, १२ बाय १८ ची प्रत बाहेर छापायची तर ३,६०० बाय ५,४०० पिक्सेल लागतात. मागितल्यावर मोठ्या फायली विनामूल्य मिळाल्या, पण मागाव्या लागल्या, आणि त्या व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न घेता पेन ड्राइव्हवर घ्याव्यात.

मी इथे पुन्हा जाईन; धाकट्याची दहावी दोन वर्षांनी आहे. नवी प्रत घ्यायला गेले तेव्हा काकांनी पावतीपुस्तकाचा एक कोरा छापील फॉर्म दाखवला. त्यावर नाव, पोशाख, पडद्याचा रंग, प्रतींचा आकार असे रकाने होते आणि सर्वांत खाली त्यांनी निळ्या पेनने एक नवी ओळ लिहिली होती: ‘त्वचेचा रंग व खुणा मूळ ठेवणे, होय / नाही’. ती अजून छापून आलेली नाही. तुमच्या फॉर्मवर नसेल तर आगाऊ रक्कम देण्याआधी काकांच्या हाताने लिहून घ्या.